प्रोस्टेटचा कर्करोग : निदानानंतर कोणते स्कॅन, कोणासाठी आणि कशासाठी?



बायोप्सीचा अहवाल घरी येतो आणि त्यातील 'कार्सिनोमा' हा एकच शब्द साऱ्या कुटुंबाची झोप उडवावयास पुरेसा होतो. मुलगा कामावर रजा टाकतो, परदेशातील मुलगी दिवसातून तीन वेळा फोन करते, धर्मग्रामातील शेजारी धीर द्यावयास येतात आणि प्रत्येकाच्या ओठी एकच प्रश्न असतो : रोग किती पसरला आहे? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच्या पाठोपाठ "आता डोक्यापासून पायापर्यंत सगळे स्कॅन करून टाका, पैशाकडे पाहू नका" असा जो सल्ला मिळतो, तो नेहमीच रास्त असतो असे नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगात काही रुग्णांना शरीरभर शोध घेणाऱ्या एकाही स्कॅनची आवश्यकता नसते; इतर काहींच्या बाबतीत मात्र योग्य स्कॅन न केल्यास उपचाराची दिशाच चुकू शकते. आपला रुग्ण यांपैकी कोणत्या गटात मोडतो हे समजून घेण्यासाठी हा लेखनप्रपंच.

२०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष व आपले कॅथलिक धर्मबंधू जो बायडन यांच्या कार्यालयाने त्यांच्या आजाराविषयी निवेदन प्रसिद्ध केले. ग्लीसन गुणांक ९, श्रेणी-गट ५ आणि हाडांमध्ये प्रसार, असे तीन तपशील त्या निवेदनात होते. वृत्तपत्रांतून ते जसेच्या तसे छापून आले. पण त्यांचा अर्थ किती वाचकांना उमगला असेल, याविषयी शंका वाटते. यांपैकी पहिले दोन आकडे बायोप्सीतून मिळतात. तिसरी गोष्ट, म्हणजे रोग कोठवर गेला आहे, ती प्रतिमा-तपासण्यांतून म्हणजेच स्कॅनमधून कळते. या शोधालाच वैद्यकीय परिभाषेत रोगाची अवस्था निश्चित करणे किंवा स्टेज ठरविणे असे म्हणतात.

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी. ती केवळ पुरुषांच्या शरीरात, मूत्राशयाच्या अगदी खाली आणि गुदाशयाच्या पुढे असते. मूत्रनलिका तिच्या मधून जाते. उतारवयात ही ग्रंथी बहुतेकांची वाढते आणि लघवीला अडथळा होतो. ती वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पोटाच्या सोनोग्राफीत ग्रंथीचे आकारमान आणि मूत्राशयात उरणारी लघवी मोजली जाते. "सोनोग्राफीत काही निघाले नाही, म्हणजे पसरलेले नाही" असे कित्येक जण समाधान मानून घेतात. परंतु प्रसाराचा शोध घेणे हे सोनोग्राफीचे काम नव्हेच.

कोणत्याही स्कॅनची चिठ्ठी हाती घेण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात. पहिली, रक्तातील पीएसएचा आकडा, तोही बायोप्सीच्या आधीचा. दुसरी, बायोप्सीतील ग्लीसन गुणांक. पेशींचे स्वरूप पाहून दिलेला हा गुणांक व्यवहारात ६ ते १० असा असतो आणि त्यावरूनच १ ते ५ असे श्रेणी-गट पाडतात. तिसरी, गुदद्वारातून बोटाने केलेल्या तपासणीत डॉक्टरांना काय आढळले ती नोंद. या तपासणीचा संकोच आपल्याकडील वडीलधाऱ्यांना फार वाटतो. दोन मिनिटांच्या त्या संकोचापायी काही जण दोन-दोन वर्षे दवाखान्याची पायरी चढत नाहीत, हे कटू असले तरी सत्य आहे. आणखी एक बाब. ग्रंथीची वाढ कमी करण्यासाठी फिनास्टेराइड अथवा ड्युटास्टेराइड ही गोळी बरेच महिने घेतली असेल, तर पीएसएचा आकडा सुमारे निम्म्यावर आलेला असतो. अशा रुग्णाचा ८ हा आकडा वस्तुतः १६ च्या जवळचा मानावा लागतो. म्हणून गोळीचे नाव डॉक्टरांना न विसरता सांगावे.

पीएसए १० पेक्षा कमी, ग्लीसन ६ आणि गाठ हाताला न लागणारी किंवा ग्रंथीच्या एका बाजूच्या निम्म्या भागापलीकडे न गेलेली, अशी स्थिती असेल तर तो रुग्ण कमी धोक्याच्या गटात मोडतो. पीएसए २० पेक्षा अधिक, ग्लीसन ८ ते १० किंवा गाठ ग्रंथीचे आवरण ओलांडून गेलेली, यांपैकी एक जरी गोष्ट असली तरी तो अधिक धोक्याचा गट होय. या दोहोंच्या दरम्यानचे ते मध्यम. मध्यम गटातही ग्लीसन ३+४ आणि ४+३ यांची बेरीज ७ च होत असली तरी त्यांच्यात भेद आहे; दुसऱ्या प्रकारात तीव्र पेशींचे प्रमाण अधिक असते आणि डॉक्टर त्याकडे अधिक सावधपणे पाहतात.

कमी धोक्याच्या गटात रोग हाडांपर्यंत अथवा लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचलेला असण्याची शक्यता इतकी अल्प असते की हाडांचा स्कॅन, सीटी किंवा पेट स्कॅन करून हाती काही लागत नाही. लागते ते बहुधा भलतेच : एखादा जुना सांधेदुखीचा डाग, यकृतातील निरुपद्रवी गाठ, फुप्फुसातील जुन्या क्षयाची खूण. मग त्या डागाचा छडा लावण्यासाठी दुसरा स्कॅन, कधी सुईने तुकडा काढणे, आणि त्या साऱ्या काळात घरात पसरलेली भीती. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली टाळावयाच्या पाच गोष्टींची यादी जाहीर केली, तीत कमी धोक्याच्या प्रोस्टेट कर्करोगात असे स्कॅन करू नयेत ही एक गोष्ट होती.

या बाबतीत स्वीडनचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. त्या देशात प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते. १९९८ साली तेथील मूत्ररोगतज्ज्ञांनी अनावश्यक स्कॅन कमी करण्याची मोहीम हाती घेतली. कोणत्या भागात किती स्कॅन होतात याचे आकडे डॉक्टरांपुढे मांडण्यात आले आणि मार्गदर्शक सूचना पुनःपुन्हा सांगण्यात आल्या. २००९ पर्यंत कमी धोक्याच्या रुग्णांतील स्कॅनचे प्रमाण ४५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. केवढे हे यश! मात्र त्याच अहवालात एक दुसरी नोंदही आहे. ज्यांना स्कॅनची खरोखर गरज होती, त्या अधिक धोक्याच्या रुग्णांतही हे प्रमाण ६३ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर घसरले. "स्कॅन कमी करा" हा संदेश नको तेथेही पोहोचला. म्हणूनच 'सगळे स्कॅन करा' हे जसे चूक, तसेच 'स्कॅन म्हणजे डॉक्टरांचा धंदा' असे सरसकट म्हणणेही चूक. आपल्याकडे या दोन्ही टोकांची माणसे एकाच घरात भेटतात.

आता एकेका तपासणीकडे वळू या.

एमआरआयचे काम प्रामुख्याने ग्रंथी आणि तिचा लगतचा परिसर दाखविण्याचे. गाठ ग्रंथीच्या आतच आहे, आवरण फोडून बाहेर आली आहे, की मागील बाजूच्या वीर्यकोशात शिरली आहे, हे त्यातून दिसते. शस्त्रक्रियेत लैंगिक क्षमतेच्या नसा वाचविता येतील का, किरणोपचाराचे क्षेत्र किती ठेवावे, हे निर्णय त्यावर अवलंबून असतात. हल्ली एमआरआय बायोप्सीच्या आधीच करण्याकडे कल आहे. २०१७ आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांनंतर ही पद्धत रूढ झाली. संशयित जागा आधी दिसली तर सुई नेमकी तेथेच घालता येते. एमआरआय बायोप्सीनंतर करावयाचा असेल तर ग्रंथीत साकळलेले रक्त विरघळेपर्यंत सामान्यतः सहा ते आठ आठवडे थांबावे लागते, अन्यथा चित्र फसवे येते. "कर्करोग असताना दोन महिने वाया कसे घालवायचे?" असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे, परंतु ग्रंथीपुरता मर्यादित असलेला हा रोग सहसा संथ गतीचा असतो आणि ही प्रतीक्षा बहुतेकांना बाधत नाही. अहवालात पाय-रॅड्स या नावाने १ ते ५ असा अंक दिलेला असतो. ५ म्हणजे संशय अतिशय दाट. तो रोगाच्या स्टेजचा अंक नव्हे; 'पाय-रॅड्स ४' वाचून 'चौथी स्टेज' असा अर्थ कोणीही काढू नये. हा गैरसमज वारंवार आढळतो आणि त्यापायी होणारा मनस्ताप पूर्णपणे टाळता येण्याजोगा आहे.

हाडांचा स्कॅन ही अनेक दशके वापरात असलेली तपासणी. प्रोस्टेटचा कर्करोग पसरला तर तो बहुधा हाडांकडे धाव घेतो : कणा, कटीर, बरगड्या. टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचे अल्प प्रमाण शिरेतून दिले जाते, दोन ते चार तास थांबविले जाते आणि मग संपूर्ण सांगाड्याचे चित्र घेतले जाते. हाड जेथे नव्याने घडत असते तेथे द्रव्य जमते आणि चित्रात काळा ठिपका उमटतो. येथेच या तपासणीची मर्यादा आहे. तिला कर्करोग दिसत नाही. हाडाची प्रतिक्रिया दिसते. गुडघ्याची झीज, कमरेचा संधिवात, गेल्या वर्षी मोटारसायकलवरून पडून मोडलेली बरगडी, या साऱ्यांचे ठिपके उमटतात. म्हणून पडल्या-झडल्याचा इतिहास आधीच सांगावा. हाडांचा ठिसूळपणा मोजणारी घनता-तपासणी ही निराळी. ती झाली म्हणजे हाडांचा स्कॅन झाला असे नव्हे.

सीटी स्कॅन पोट व कटीरातील लसिका ग्रंथी दाखवितो. परंतु तो केवळ त्यांचे आकारमान पाहतो. साधारणतः ८ ते १० मिलिमीटरहून मोठी गाठ संशयास्पद मानली जाते. कर्करोगाच्या पेशी लहान ग्रंथीतही लपलेल्या असू शकतात आणि त्या सीटीला दिसत नाहीत. २००८ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला असता, लसिका ग्रंथींत रोग असलेल्या रुग्णांपैकी सीटीने सुमारे ४२ टक्के आणि एमआरआयने सुमारे ३९ टक्के रुग्ण ओळखल्याचे दिसून आले. अर्थात निम्म्याहून अधिक सुटले.

ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढणारी तपासणी म्हणजे पीएसएमए पेट स्कॅन. प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींच्या पृष्ठभागावर पीएसएमए नावाचे प्रथिन विपुल असते. त्या प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूस किरणोत्सारी गॅलियम किंवा फ्लोरिन जोडून ते शिरेतून देतात. त्यामुळे पेशी शरीरात जेथे असतील तेथे उजळून दिसतात. ऑस्ट्रेलियातील दहा केंद्रांत अधिक धोक्याच्या ३०२ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. जुन्या पद्धतीची, म्हणजे सीटी आणि हाडांचा स्कॅन यांची मिळून अचूकता ६५ टक्के भरली, तर पीएसएमए पेटची ९२ टक्के. 'निश्चित सांगता येत नाही' असे निष्कर्ष जुन्या पद्धतीत २३ टक्के आणि नव्या पद्धतीत ७ टक्के होते. किरणांची मात्राही कमी : १९.२ ऐवजी ८.४ मिलिसिव्हर्ट. उपचाराचा बेत बदलावा लागला तो पहिल्या तपासणीनंतर पेट झालेल्या २८ टक्के रुग्णांत आणि जुने स्कॅन झालेल्या १५ टक्के रुग्णांत.

येथे एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. 'पेट स्कॅन' हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण पेट स्कॅन अनेक प्रकारचे असतात. इतर बहुतेक कर्करोगांत वापरला जाणारा नेहमीचा पेट स्कॅन एफडीजी या साखरेसारख्या द्रव्यावर चालतो. प्रोस्टेटचा नवा रोग सहसा साखर फारशी घेत नाही, त्यामुळे तो स्कॅन रोग असतानाही कोरा येऊ शकतो. चिठ्ठीवर 'पीएसएमए' ही अक्षरे आहेत ना, हे पैसे भरण्यापूर्वी पाहून घ्यावे. हजारो रुपये खर्चून चुकीचा स्कॅन करून घेण्यापेक्षा काउंटरवर एक प्रश्न विचारलेला बरा.

आपल्या महाराष्ट्रापुरते सांगावयाचे तर भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन व पेट स्कॅनर २००२ साली मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले. फ्लोरिनयुक्त द्रव्य अशाच सायक्लोट्रॉनमध्ये तयार होते आणि ११० मिनिटांत निम्मे होते. गॅलियम तर ६८ मिनिटांतच निम्मे होते; ते रुग्णालयातील जनित्रातून काढून लागलीच वापरावे लागते. दिलेली वेळ काटेकोरपणे पाळण्याचा आग्रह का असतो, हे यावरून ध्यानात यावे. वसई-विरार अथवा पालघरहून जाणाऱ्यांनी लोकलच्या गर्दीचा हिशेब धरूनच निघावे.

पीएसएमए पेटचे चित्र हाती आले की घरची मंडळी घाबरतात, कारण त्यात लाळग्रंथी, मूत्रपिंडे, लहान आतडे आणि मूत्राशय लखलखीत दिसतात. ते नैसर्गिक आहे. तेथे कर्करोग आहे असा त्याचा अर्थ नाही. बरगडीवरील एखादा एकाकी फिकट ठिपकाही पुष्कळदा निरुपद्रवी निघतो. उलट, थोड्या रुग्णांच्या कर्करोगपेशींवर हे प्रथिन पुरेसे नसते आणि त्यांचा रोग या स्कॅनला दिसत नाही. म्हणजे हीदेखील मानवी बुद्धीने घडविलेली तपासणी आहे, दैवी दृष्टी नव्हे.

याहून गंभीर प्रश्न असा की, सीटी व हाडांचा स्कॅन स्वच्छ आणि पीएसएमए पेटमध्ये मात्र दूरवर एक बारीक ठिपका, अशा रुग्णाचे काय करावे? आजवर ज्या अभ्यासांच्या आधारे उपचार ठरले, ते बहुतांशी जुन्या स्कॅनवर आधारलेले आहेत. त्या काळी हाच रुग्ण 'रोग पसरलेला नाही' या गटात गेला असता आणि त्याला बरे करण्याच्या हेतूने शस्त्रक्रिया वा किरणोपचार मिळाला असता. केवळ नव्या स्कॅनमधील एका ठिपक्यामुळे त्याला ती संधी नाकारणे योग्य ठरेल का? माझ्या मते अशा वेळी एका डॉक्टरच्या मतावर न थांबता मूत्ररोगतज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ आणि औषधोपचार करणारे कर्करोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसून विचार केलेला असावा, असा आग्रह कुटुंबाने नम्रपणे धरावा. ठिपक्यांची संख्याही महत्त्वाची असते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात, रोग पसरलेला असला तरी तो मोजक्याच ठिकाणी असलेल्या रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर ग्रंथीवर किरणोपचार दिला असता तीन वर्षांनंतर ८१ टक्के हयात होते. न दिलेल्यांत ७३ टक्के. 'हाडात गेला, आता काय करायचे' असे म्हणून फाइल बंद करणाऱ्यांनी हे आकडे अवश्य ध्यानात घ्यावेत.

हार्मोन कमी करणारे इंजेक्शन सुरू करण्याची घाई बऱ्याचदा होते. त्या उपचाराने स्कॅनमधील चित्र बदलू शकते. तेव्हा अधिक धोक्याच्या रुग्णाचे स्कॅन शक्यतो पहिल्या इंजेक्शनपूर्वी व्हावेत आणि तारीख लांबणार असेल तर डॉक्टरांना तसे विचारावे. मणक्यात तीव्र वेदना, पायातील शक्ती जाणे किंवा लघवी अचानक बंद होणे ही लक्षणे असतील तर मात्र कोणत्याही ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

कमी धोक्याच्या रुग्णाला "तुम्हांला स्कॅनची गरज नाही" असे सांगितले की कुटुंबास कधी कधी हयगय झाल्यासारखे वाटते. वडिलांसाठी आपण सर्व काही केले, हे समाधान मुलांना हवे असते आणि त्यामागील प्रेम खोटे नाही. परंतु ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरताच रोग असलेल्या १,६४३ पुरुषांना काटेकोर देखरेख, शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार यांपैकी एक मार्ग देऊन सुमारे पंधरा वर्षे त्यांचा मागोवा घेण्यात आला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांतील ४५ जणांचा, म्हणजे २.७ टक्क्यांचा मृत्यू या कर्करोगाने झाला आणि तिन्ही गटांत या बाबतीत लक्षणीय फरक नव्हता. स्कॅनसाठी दागिने गहाण ठेवण्यापूर्वी डॉक्टरांना एवढेच विचारावे : या स्कॅनचा निकाल असा आला तर काय कराल आणि तसा आला तर काय कराल? दोन्हींचे उत्तर एकच असेल, तर तो स्कॅन कशासाठी? पोप पायस बारावे यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणात, आरोग्यरक्षणासाठी साधारण उपाय योजणे हे कर्तव्य आहे, स्वतःवर वा इतरांवर असाधारण बोजा टाकणारे उपाय बंधनकारक नाहीत, अशी भूमिका मांडली होती. ते विवेचन जीवरक्षक उपचारांविषयी होते. तथापि बोजा आणि लाभ यांची तुलना करण्याची ती दृष्टी येथेही उपयोगी पडते.

रुग्णापासून अहवाल लपविण्याची आपल्याकडील रीत या आजारात विशेष घातक ठरते. नसा वाचवाव्यात की नाही, देखरेखीवर राहावे की शस्त्रक्रिया करावी, हे निर्णय त्याच्या स्वतःच्या शरीराचे आहेत. अहवाल काय आहे हे ठाऊक नसलेला माणूस ते निर्णय कसे घेणार? गंभीर आजाराचे निदान झाले किंवा मोठी शस्त्रक्रिया ठरली, तर धर्मगुरूंना कळवून रुग्णाभ्यंग संस्कार घेता येतो. तो केवळ मरणासन्नांसाठी नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले आहे. धर्मगुरू घरी आले म्हणजे शेवट जवळ आला, असा अर्थ शेजाऱ्यांनीही काढू नये.

आता तयारीविषयी थोडे. एमआरआयच्या आधी पेसमेकर, शरीरातील धातूची पट्टी किंवा डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण यांची माहिती द्यावी; वेल्डिंगचे काम केलेल्यांनी तर आवर्जून. गळ्यातील क्रूस, जपमाळ आणि अंगठी घरीच ठेवावी. सीटीसाठी शिरेतून औषध द्यावयाचे असल्यास क्रिएटिनिनची रक्ततपासणी आधी लागते आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी थांबवावी का, हे विचारून घ्यावे. हाडांच्या स्कॅनपूर्वी उपाशी राहण्याची सहसा गरज नसते. हाडांचा स्कॅन अथवा पीएसएमए पेट झाल्यावर त्या दिवशी भरपूर पाणी प्यावे, वारंवार लघवीस जावे आणि केंद्रात सांगितलेले तास संपेपर्यंत तान्ह्या नातवंडांना मांडीवर घेऊ नये, गरोदर सुनेच्या वा मुलीच्या फार जवळ बसू नये. टेक्नेशियम सहा तासांत निम्मे होते, त्यामुळे हे बंधन अल्पकाळाचे असते. परत येताना केवळ छापील अहवाल नव्हे, तर चित्रांची सीडीही मागून घ्यावी. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावयाचे झाल्यास ते अहवालापेक्षा मूळ चित्रेच पाहू इच्छितात आणि सीडी हरवली तर साराच खर्च पुन्हा करावा लागतो.